मायावी जगातील स्त्री-पुरुष वाटणी

‘अवतार’ हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संगणकाच्या पडद्यावर वावरणाऱ्या प्रतिरूपाचे नाव म्हणून जगभर रूढ झाला. ज्या पुराणकथांतून तो गेला त्यांत अवतार घेणाऱ्याला देहाचे बंधन नव्हते. समुद्रमंथनानंतर अमृताच्या वाटपासाठी विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, तेव्हा ‘ही भूमिका पुरुषाला उपलब्ध नाही’ असे त्याला कोणी बजावल्याचे ऐकिवात नाही. आज मात्र ऑनलाइन भूमिकाखेळांपैकी कित्येकांच्या प्रवेशद्वारावरच अशी पाटी लागलेली आढळते. भाला-ढाल घेऊन आघाडीवर उभे राहायचे असेल तर पुरुषदेह स्वीकारा. मंत्रतंत्र शिकायचे असेल तर स्त्रीदेह स्वीकारा. दोन्हींची अदलाबदल होणार नाही.

ज्या वाचकांचा या खेळांशी संबंध घरातील मुलांच्या घसरलेल्या गुणांपुरताच आला असेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा अवश्य आहे. हे खेळ पत्त्यांप्रमाणे वा बुद्धिबळाप्रमाणे डावाने संपणारे नव्हेत. त्यांत एक अखंड चालणारे कल्पित जग असते; त्याला नद्या-डोंगर, बाजारपेठा, चलन आणि व्यापारउदीम असतो आणि हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात वावरत असतात. प्रवेश करताना प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे असते: कोणत्या वंशाचे, कोणत्या पेशाचे, कोणत्या देहाचे. मग महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, वेळ आणि बहुधा पैसाही खर्चून त्या पात्राचे कौशल्य वाढवायचे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर पात्र ही एक भांडवली मत्ता आहे आणि तिच्यात गुंतलेले मुख्य भांडवल म्हणजे मानवी श्रम. तेव्हा प्रवेशाच्या वेळी कोणाला कोणते पात्र घेऊ दिले जाते, हा प्रश्न पोरकट म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही.

या भेदाचे मूळ ऑनलाइन खेळांच्याही आधीचे आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. आजच्या बहुतेक भूमिकाखेळांचे कूळ त्याच्यापर्यंत पोचते. त्याच्या प्रगत आवृत्तीच्या १९७८ सालच्या नियमपुस्तकात बळाचे एक कोष्टक होते. योद्ध्याचे बळ १८ या अंकावर पोचले की पुढे आणखी शंभर पायऱ्यांची एक शिडी असे. मानवी पुरुषाला ती शंभराव्या पायरीपर्यंत चढता येई. मानवी स्त्रीला पन्नासावर थांबावे लागे. त्याच खेळात माणसे हातातून अग्निगोल फेकत, मेलेले उठून बसत, ड्रॅगन संभाषण करीत. एवढे सगळे बिनदिक्कत मान्य करणाऱ्या नियमकर्त्यांना स्त्रीच्या दंडातील बळाविषयी तेवढी वास्तववादाची आठवण व्हावी, ही मौजेची गोष्ट खरी. त्याआधी १९७६ साली, त्या खेळाला वाहिलेल्या ‘द ड्रॅगन’ या नियतकालिकातील एका लेखाने स्त्री-पात्रांसाठी ‘सौंदर्य’ हे निराळे परिमाणच सुचवले होते. बळावरची ही मर्यादा १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. त्यामुळे खेळ काही बुडाला नाही.

मर्यादा गेली, पण तिची जागा वाटणीने घेतली. मर्यादेत ‘तू कमी’ असे उघड सांगितलेले असते. वाटणीत ‘तुझे काम हे, त्याचे काम ते’ असे सौम्यपणे सांगितले जाते आणि म्हणूनच ती अधिक काळ टिकते. कोरियातील ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ हा खेळ २००२ साली आला आणि पुढे काही वर्षे भारतासाठीही त्याचा स्वतंत्र सर्व्हर चालवला गेला. त्यात वाद्य वाजवणारा भाट केवळ पुरुष आणि नर्तकी केवळ स्त्री. दोघे शेजारी उभे राहिले म्हणजेच साधणारी काही कौशल्येही त्यांना दिलेली होती. अमेरिकेतील ‘डायब्लो २’ या २००० सालच्या खेळात रानटी योद्धा, धर्मयोद्धा आणि प्रेतांना उठवणारा मांत्रिक हे पुरुष. भालाईत आणि चेटकीण या स्त्रिया. ‘ब्लॅक डेझर्ट’ हा कोरियन खेळ २०१६ साली पश्चिमेकडे गेला तेव्हा त्यात आठ पेशे होते, त्यांपैकी तीन पुरुषांचे आणि पाच स्त्रियांचे. म्हणजे संख्येने पाहिले तर स्त्रियांवर अन्याय झाला असे म्हणता येत नाही, आणि हा प्रश्न केवळ डोकी मोजून सुटणारा नाही हे यावरूनच दिसते. त्याच खेळात जादूगार आणि जादूगारीण हे जवळजवळ सारख्याच विद्येचे दोन पेशे होते. एका पेशाला दोन देह देता येतात हे ज्यांनी स्वतःच करून दाखवले, त्यांना उरलेल्या सहांच्या बाबतीत ते का सुचले नाही?

वाटणी किती मनमानी असते ते पाहण्यासाठी दोन खेळ शेजारी ठेवले म्हणजे पुरे. ‘लॉस्ट आर्क’ या कोरियन खेळाने २०२२च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य बाजारात पाऊल टाकले आणि ‘स्टीम’ या एकाच विक्रीमंचावर एका वेळी १३ लाखांहून अधिक माणसे तो खेळत असल्याची नोंद झाली. त्या वेळी त्यातील सर्व अवजड योद्धे पुरुष होते, सर्व मांत्रिक स्त्रिया होत्या, छायेतून वार करणारे मारेकरीही स्त्रियाच. आणि वाद्य वाजवून साथीदारांना बळ देणारा भाट? येथे तो स्त्री होता! ‘रॅग्नारोक’मध्ये जे काम स्त्रीला वर्ज्य, तेच ‘लॉस्ट आर्क’मध्ये पुरुषाला वर्ज्य. एकाच देशातील दोन कंपन्यांनी एकाच पेशाविषयी परस्परविरुद्ध निवाडे दिले. या वाटणीमागे निसर्गाचा वा परंपरेचा काही नियम आहे, असे आता कोणी म्हणू नये.

मक्तेदारीवरील तासानंतर पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, मला आघाडीवर ढाल घेऊन उभं राहायला आवडतं, पण त्यासाठी पुरुषाचा देह घ्यावा लागतो. हीसुद्धा मक्तेदारीच का?” वर्षभर ती तसे खेळत होती आणि सोबतचे खेळाडू तिला ‘भाई’ म्हणून हाक मारीत. त्याचे तिला फारसे वाटत नव्हते. पण आपण जे काम उत्तम करतो त्या कामात आपण दिसतच नाही, हे तिला सलत होते. मी तिला सांगितले की ही मक्तेदारीपेक्षा जोडविक्री आहे. गॅसजोडणीसाठी वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागे, त्या काळी नंबर लागला की शेगडीही आपल्याकडचीच घ्यावी असा आग्रह धरणारे वितरक असत. शेगडी घरी असो वा नसो, ती पदरात पडायचीच. येथे गॅसच्या जागी कौशल्य आहे आणि शेगडीच्या जागी देह. ग्राहकाला हवी असते एक वस्तू. दुकानदार दोन वस्तूंची गाठ मारून देतो.

अशा गाठीचे समर्थन करताना कंपन्या बहुधा खर्चाकडे बोट दाखवतात, आणि तो मुद्दा सर्वस्वी खोटा नाही. पडद्यावरचा देह म्हणजे नुसते चित्र नव्हे. त्याचा सांगाडा, चाल, तलवार फिरवण्याची लकब, आवाज, प्रत्येक चिलखताचे त्याच्या अंगावर बसणे, हे सगळे कोणाला तरी बसून घडवावे लागते. दहा पेशांना एकेक देह असेल तर नवा पोशाख दहा अंगांवर बसवावा लागेल. दोन-दोन देह असतील तर वीस अंगांवर, आणि खेळ चालू आहे तोवर हा दुप्पट खर्च दर पोशाखामागे होत राहील. नव्या छोट्या कंपनीने येथे हात आखडता घेतला तर तिला दोष देणे कठीण आहे.

परंतु खर्चाचा हा आकडा सांगणाराच तो मांडत असतो, हेही विसरून चालणार नाही. २०१४ साली युबिसॉफ्ट या मोठ्या फ्रेंच कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या खेळात चौघांनी मिळून खेळण्याची सोय होती, मात्र चौघेही पुरुषच. स्त्री-पात्र का नाही, असे विचारता हालचाली आणि आवाज यांचे काम दुप्पट झाले असते, असे उत्तर आले. त्यावर याच मालिकेतील आधीच्या एका खेळाच्या हालचालींवर काम केलेले जोनाथन कूपर यांनी, आपल्या अंदाजाने हे काम एक-दोन दिवसांचे आहे, असे जाहीरपणे म्हटले. दुप्पट काम आणि दोन दिवस यांतील अंतर एवढे मोठे आहे की खरा आकडा कोठे पडतो हे बाहेरच्याने ठरवू नये. पण ‘डायब्लो’च्या मालकांनी २०१२ साली तिसऱ्या भागात प्रत्येक पेशाला स्त्री आणि पुरुष असे दोन्ही देह दिले. ज्याला ते करायचेच असते त्याच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद होते.

खर्चाच्या युक्तिवादाची खरी परीक्षा जपानच्या ‘फायनल फँटसी १४’ या खेळात झाली. याच मालिकेतील २००२ सालच्या अकराव्या खेळात मिथ्रा या मार्जारवंशात केवळ स्त्री-पात्रे घेता येत आणि गाल्का या धिप्पाड वंशात केवळ पुरुष-पात्रे. चौदावा खेळ २०१० साली निघाला तोही याच वळणाचा. तो सपशेल पडला, पुन्हा नव्याने बांधला गेला आणि २०१३ साली परत आला तेव्हा मार्जारवंशात पुरुष आले, धिप्पाडांत स्त्रिया आल्या. कोंडी फुटली असे वाटले. मग २०१९ साली आणखी दोन वंश दाखल झाले: सशासारख्या उंच कानांचा, सडपातळ व्हिएरा आणि सिंहमुखी, केसाळ ह्रॉथगार. व्हिएरा फक्त स्त्रिया, ह्रॉथगार फक्त पुरुष. निर्माते नाओकी योशिदा यांनी याचे कारण साधनांची मर्यादा असे सांगितले, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले असे मानायला हरकत नाही.

येथे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचावी अशी एक शंका उरते. साधने दोनच देहांपुरती होती हे खरे धरू. पण एका वंशाचे स्त्री-पुरुष असे दोन देह करता आले असते. किंवा सिंहमुखी स्त्री आणि ससाकानी पुरुष अशी उलट जोडीही करता आली असती. दुर्मीळता आपल्याला एवढेच सांगते की निवड करावी लागेल. कोणती निवड करावी हे ती सांगत नाही. ते सांगते निवडणाऱ्याची आवड, किंवा बाजाराच्या आवडीविषयी त्याने बांधलेला अंदाज. नाजूक ती स्त्री आणि राकट तो पुरुष, ही जोडी खर्चाच्या वहीतून आलेली नाही. (व्हिएरांच्या बाबतीत मालिकेतील आधीच्या कथेचा आधार होता हे खरे, पण पुरुष व्हिएरा दिसत नसत एवढेच ती कथा सांगे, ते नव्हतेच असे नव्हे.)

कथेचा आधार जेथे खरोखर भक्कम असतो तेथे मी हरकत घेणार नाही. टोल्किनच्या ग्रंथावर बेतलेला ऑनलाइन खेळ २००७ साली आला, त्यात बुटक्यांच्या वंशाला स्त्री-पुरुष हा पर्यायच ठेवलेला नव्हता. टोल्किननेच लिहून ठेवले आहे की बुटक्यांच्या स्त्रिया आवाजाने, चेहऱ्याने आणि प्रवासात असताना पेहरावानेही त्यांच्या पुरुषांसारख्याच दिसतात. ही लेखकाच्या कल्पनेशी राखलेली निष्ठा आहे, आणि तिच्यात एक खट्याळपणाही आहे. ‘ब्लॅक डेझर्ट’च्या धनुर्धारिणीला असा कोणता ग्रंथ आडवा येत होता?

आता बाजाराच्या आवडीकडे वळू, कारण अखेरचा युक्तिवाद तोच असतो: लोकांना हेच हवे आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने या शतकाच्या प्रारंभी ‘एव्हरक्वेस्ट’ या १९९९ सालच्या खेळातील नोराथ नावाच्या कल्पित जगाचा अभ्यास केला. २००१ सालच्या निबंधात त्याने त्या जगाचे दरडोई उत्पन्न काढले, ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान आले, आणि अर्थशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. माझ्या मते त्याचा २००३ सालचा दुसरा निबंध अधिक मोलाचा आहे. त्या काळी खेळाडू आपली कमावलेली पात्रे खऱ्या डॉलरांत लिलावाने विकत. दादरच्या एखाद्या घराची किंमत जशी खोल्या, मजला, पाणी आणि स्टेशनपासूनचे अंतर अशा घटकांत फोडून दाखवता येते, तशी कॅस्ट्रोनोव्हाने पात्रांची किंमत फोडून पाहिली. सर्वांत मोठा वाटा अर्थातच पात्राने गाठलेल्या पातळीचा निघाला. परंतु पातळी सारखी असतानाही स्त्रीदेहाचे पात्र लक्षणीय कमी किमतीला जात होते. आणि नोराथमध्ये देहाचा कौशल्याशी काडीचाही संबंध नव्हता! बळ तेच, विद्या तीच, पेशे सगळ्यांना खुले. श्रमबाजारात स्त्रीला कमी वेतन मिळते तेव्हा शिक्षणातला फरक, अनुभवातला खंड, कामाचे स्वरूप अशी कारणे पुढे केली जातात. येथे ती सारी गळून पडली आणि फरक तरीही उरला. खेळणाऱ्यांत पुरुषांचा भरणा, किंवा खऱ्या समाजातील भेदभाव, अशी काही संभाव्य कारणे त्याने नोंदवली. कारण कोणतेही असो, एक गोष्ट मोजता आली, आणि ती मोजता आली याचे कारण असे की त्या जगात गाठ मारलेली नव्हती.

जेथे पेशा आणि देह यांची गाठ मारलेली आहे तेथे हे मोजमाप अशक्य होते. चेटकीण लोकप्रिय झाली तर ती तिच्या विद्येमुळे झाली की देहामुळे, हे कोण कसे ठरवणार? कंपनी म्हणेल की लोकांना स्त्री-मांत्रिक आवडतात, पाहा किती जणांनी घेतली. पण पुरुष-मांत्रिक दुकानात ठेवलेलाच नव्हता. ज्या गावात एकच खानावळ आहे तेथील गर्दीवरून तिच्या आमटीची चव सिद्ध होत नाही. ‘लोकांना हेच हवे आहे’ हे विधान खरे असेल वा खोटे असेल. गाठ सोडल्याखेरीज ते तपासता येत नाही, आणि गाठ सोडायची नाही याचे समर्थन म्हणून तेच विधान पुढे केले जाते.

खुल्या खेळांत लोक काय करतात याविषयी मात्र थोडे ठाऊक आहे. निक यी यांच्या पाहण्यांतून दिसले की पुरुषांनी स्त्री-पात्र घेण्याचे प्रमाण स्त्रियांनी पुरुष-पात्र घेण्याच्या प्रमाणापेक्षा बरेच अधिक असते. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी भामिनी आणि सिंधू उभ्या केल्या आणि घरोघरच्या स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे अनुकरण केले. कोकणातल्या दशावतारात आजही पुरुषच स्त्रीपार्टी होतात. फरक एवढाच की तेथे पुरुषाला स्त्रीची भूमिका होती, पण स्त्रीला रंगमंचच नव्हता. रूप बदलण्याची मुभा आणि प्रवेशाची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळतेच असे नाही. चीनमध्ये तर २००७ साली उलटाच प्रकार घडला. ‘किंग ऑफ द वर्ल्ड’ या खेळाच्या चालकांनी स्त्री-पात्रे घेणाऱ्या पुरुषांची खाती गोठवली आणि आपण स्त्री असल्याचे कॅमेऱ्यासमोर सिद्ध करण्यास सांगितले, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. करमणुकीसाठी घेतलेल्या सोंगाची ओळखपरेड व्हावी, ही कल्पना एखाद्या विनोदी लेखकाला सुचती तर आपण ती अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली असती.

आपल्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-क्रीडेला उत्तेजन देण्याचे ठरवले. त्यावरील चर्चा जुगार, कर्जबाजारीपणा आणि आत्महत्या यांभोवती फिरली, आणि ते स्वाभाविक होते. पेशा आणि देह यांची गाठ कायद्याने सोडवावी असे मी म्हणणार नाही. कथा कशी रचावी हे सरकारने सांगू लागावे, यासारखे दुसरे संकट नाही. मात्र ग्राहकाने प्रश्न विचारणे वेगळे आणि सरकारने हुकूम सोडणे वेगळे. आतापर्यंत जे बदल झाले ते ग्राहकांनी विचारत राहिल्यामुळे झाले.

तेही फुकट झाले नाहीत. ‘लॉस्ट आर्क’मध्ये २०२३ साली अवजड तलवारीची स्त्री-योद्धा आली, ती जुन्या पुरुष-योद्ध्याचा दुसरा देह म्हणून नव्हे, तर नवा पेशा म्हणून. म्हणजे ज्याने वर्षभर खपून पुरुष-योद्धा वाढवला त्याला वा तिला तोच योद्धा स्त्रीदेहात नेता येत नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून श्रम, आणि हौस असेल तर पुन्हा नवे पोशाख. आधी अर्धी वस्तू विकायची आणि उरलेली अर्धी काही काळाने नवलाई म्हणून विकायची, ही जुनी व्यापारी रीत येथेही फायद्याची ठरली आहे. ‘फायनल फँटसी १४’मध्ये पुरुष व्हिएरा २०२१ साली आले. सिंहमुखी स्त्रियांना २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागले. म्हणजे साधनांची जुळवाजुळव होण्यास ससाकानी पुरुषांसाठी दोन वर्षे लागली, आणि ज्या स्त्रिया नाजूक दिसणार नव्हत्या त्यांच्यासाठी पाच. या दोन्ही वंशांच्या डोक्यावर बहुतेक शिरस्त्राणे दिसतच नसत, कारण ती लांब कानांवर आणि आयाळीवर बसवण्याचे काम खर्चाचे होते. स्त्री असो वा पुरुष, ती काटकसर मात्र दोघांना सारखीच लागू होती.